चार घरची चार चाकं

मी एक ट्रक बोलतोय. आवाज घोगरा वाटला तर तो सायलेन्सरचा दोष समजा, स्वभावाचा नव्हे. खाली इंजिन, चार चाकं आणि पाठीवर एक खोली, असा माझा देह आहे. खोलीला चार खिडक्या, एक दार आणि दाराला घडीची पायरी. आत पलंग, पाण्याचा नळ, गॅसची शेगडी आणि दोन टर्की पक्षी दाटीवाटीने उभे राहतील एवढी न्हाणी. टर्कीचं माप मी उगाच देत नाही. ते पुढे येईल.

सध्या माझी तीन चाकं जागेवर आहेत. चौथ्याच्या जागी नदीतला एक सपाट दगड आहे. हे अपघाताने झालेलं नाही. लग्नाने झालं.

माझा जन्म फार उत्तरेकडचा, थंड देशातला. ट्रक कारखान्यात झाला, खोली मात्र एका म्हाताऱ्या सुताराने हाताने बांधली. तो आयुष्यभर शवपेट्या करत आला होता. त्यामुळे इतक्या वर्षांत माझा एकही सांधा सुटलेला नाही, आणि पलंग जरा अरुंद आहे.

माझे पहिले मालक रुडॉल्फ आणि गेर्डा, एक वयस्कर जोडपं. मला घेऊन ते दक्षिणेकडे निघाले आणि देशामागून देश ओलांडत इथे, ग्वातेमालाच्या डोंगरात आले. रुडॉल्फ रोज सकाळी माझं ऑइल तपासायचा आणि वहीत लिहायचा. गेर्डा रोज सकाळी रुडॉल्फला तपासायची आणि कुठेही लिहायची नाही.

आमच्या किचे लोकांची, म्हणजे या डोंगरातल्या माया माणसांची, एक रीत आहे. वाटसरूला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत. बिचारा एवढ्या लांबून आला, त्याचं मन कशाला मोडा? रुडॉल्फला हे कुणी सांगितलं नाही. तो खिडकीतून डोकं काढून विचारायचा, “हा रस्ता उस्पान्तानला जातो ना?” लोक म्हणायचे, “हो, जातो.” चौदा जणांनी सांगितलं, जातो. रस्ता गेला तो चुआपेक गावात तात सेलेस्तिनो त्सुनुश यांच्या मक्याच्या शेतात, आणि तिथेच संपला. माझा गिअरबॉक्सही तिथेच संपला.

तात सेलेस्तिनो कुदळ टेकवून उभे होते. इथे मोठ्या माणसाला तात म्हणतात, बाईला नान. रुडॉल्फने त्यांनाही विचारलं, “उस्पान्तानचा रस्ता हाच ना?”

“हाच,” तात म्हणाले. “फक्त तो मागे राहिला. या, काहीतरी गरम घ्या.”

तीन आठवडे पाहुणचार झाला. मग गेर्डाने जाहीर केलं की ती विमानाने घरी जाणार आहे आणि रुडॉल्फला यायचं असलं तर तिची हरकत नाही. मला त्यांनी अकरा घोंगड्यांच्या बदल्यात देऊन टाकलं. त्यातल्या एकीला भोक होतं. मी ते मनाला लावून घेतलं नाही. फार वर्षं नाही.

तात सेलेस्तिनोंचा मुलगा एलियास. वय सव्वीस, बोलणं कमी, हात काळे. त्याने एका मेलेल्या बसमधून भाग काढून माझा गिअरबॉक्स जुळवला. चालायला लागलो, पण रिव्हर्स तिसऱ्याच्या जागी जाऊन बसला. घाटात हे लक्षात ठेवावं लागतं. एलियास वरून घोंगड्या घेऊन खाली जंगलात जायचा आणि जंगलातून वेलदोडा घेऊन वर यायचा. ज्या पलंगावर गेर्डा पुस्तक वाचायची, त्यावर आता वेलदोड्याची पोती झोपायची.

जंगलातल्या तिएर्रा नुएवा गावात वेलदोडा वाळवायची भट्टी होती. तिथे पोती मोजून घ्यायला फ्लोरिदाल्मा नावाची मुलगी बसायची. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, “ट्रकच्या खिडक्यांना पडदे? वेलदोड्याला लाज वाटते का?”

एलियासला उत्तर सुचायला पंधरा दिवस लागले. पुढच्या खेपेला पोतं खाली ठेवून तो म्हणाला, “वेलदोड्याला नाही. मला वाटते.”

झालं. यापुढचं काम मोठ्यांचं.

मुलगी मागायला आमच्याकडे मुलाचा बाप बोलत नाही. त्यासाठी कामाल बे असतो, म्हणजे वाट काढून देणारा माणूस. आमचे तात पेत्रोनिलो बात्स. चाळीस वर्षांत त्यांनी सत्तर लग्नं जुळवली होती. त्यांच्या दोन फुशारक्या होत्या. परक्याच्या उंबऱ्यावर ते कधी खोटं बोलले नव्हते आणि कधी ‘नाही’ म्हणाले नव्हते. ही दोन्ही व्रतं एकदम पाळायची तर माणसाला बोलताना फार वळणं घ्यावी लागतात. तात पेत्रोनिलोंच्या बोलण्यापुढे आमचा घाट सरळ वाटायचा.

मागणी तीनदा घालायची असते. पहिल्या खेपेला मुलीकडचे दार उघडत नाहीत. रीतच आहे. तात पेत्रोनिलो बंद दारासमोर तीन तास बोलले. आत ताटं वाजत होती. दुसऱ्या खेपेला दार उघडलं आणि प्रश्न आले. मुलीचा बाप तात एस्तेबान लुश भला माणूस होता, पण तोंड उघडण्याआधी आपल्या आईकडे बघायचा. आई नान मिकाएला, वय ऐंशीच्या पुढे. घराचं स्टेअरिंग त्यांच्या हातात.

त्यांनी एकच गोष्ट विचारली. “मुलाला घर आहे?”

आता, एलियासने वर चुआपेकला मातीचं घर बांधायला घेतलं होतं. तीन महिन्यांपूर्वी पावसात ते उतारासकट खाली गेलं होतं. तात सेलेस्तिनोंनी जमिनीकडे बघितलं. तात पेत्रोनिलोंनी घसा साफ केला.

“घर आहे, नान. चार खिडक्या आहेत. दाराला पायरी आहे. आत पाण्याचा नळ आहे. काडी न ओढता पेटणारी चूल आहे.”

“समोर काय दिसतं?”

“डोंगर.”

“कुठला डोंगर?”

“तुम्हाला हवा तो, नान.”

नान मिकाएला जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तिसऱ्या खेपेला वाटेच्या दिवशी या. घर मी इथेच, डोळ्यांनी बघेन. पटलं तर तुम्ही आणलेल्या टोपलीतला पाव मोडेन. नाही पटलं तर टोपल्या आल्या तशा परत.”

आमच्या पंचांगात दोनशे साठ दिवस आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. वाटेचा दिवस वीस दिवसांनी येतो, पण मागणीला चालेल असा मोठा वाटेचा दिवस दोनशे साठ दिवसांतून एकदाच. तो चुकला तर फ्लोरिदाल्माला तेवढे दिवस बसवून ठेवणार कोण? त्याच गावात तिच्यासाठी ओब्दुलियो नावाचा एक दुकानदार ताटकळत होता. त्याचं सिमेंटचं तिमजली घर होतं. पहिल्या मजल्यावर खिळ्यांचं दुकान, दुसऱ्यावर तो स्वतः आणि तिसऱ्यावर नुसत्या सळया.

मी हे सगळं अंगणात उभा राहून ऐकत होतो. घराबद्दल चाललेलं बोलणं माझ्याबद्दल आहे, हे मला मागाहून कळलं.

चुआपेकला परतल्यावर एलियासच्या आईने, नान तोमासांनी, तात पेत्रोनिलोंना धारेवर धरलं. “चार खिडक्या कुठून आणल्या, तात? माझ्या घराला दोन आहेत, त्यातली एक कोंबड्यांची.”

“मी तुमच्या घराबद्दल बोललोच नाही, नान. मुलाच्या घराबद्दल बोललो. ते काय, अंगणात उभं आहे.”

सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. त्या क्षणापर्यंत मी ट्रक होतो.

एलियास म्हणाला, “तात, तो ट्रक आहे.”

“तुझं घर पडल्यापासून झोपतोस कुठे?”

“ट्रकमध्ये.”

“ट्रकमध्ये स्टेअरिंग असतं, बाबा. तू पलंगावर झोपतोस. पलंग घरात असतो. ते घर ट्रकवर आहे, एवढंच.”

शिवाय दुसरं घरही नव्हतं. नान तोमासांनी मला आतून घासलं, नवे पडदे लावले, छताला मक्याची कणसं टांगली. वेलदोड्याचा वास मात्र शेवटपर्यंत गेला नाही. निघायच्या दिवशी पलंगावर पावाच्या बारा टोपल्या, फडताळात चॉकलेट आणि न्हाणीत दोन टर्की होते. माझ्या बंपरपुढे धूप जाळून डोंगरांची परवानगी घेतली. डोंगरांनीही बहुतेक ‘नाही’ म्हटलं नसावं. तेही इथलेच.

पहिला दिवस ढगातून आणि पाइनच्या झाडांतून गेला. तात पेत्रोनिलो एलियासशेजारी बसून भाषणाची तालीम करत होते. नान तोमासा आणि तात सेलेस्तिनो मागे टोपल्या धरून बसले होते. रिव्हर्स दोनदा चुकून पडला. दोन्ही वेळा टर्कींनी आधी ओरडून सांगितलं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन वाटेच्या दिवशी, आम्ही खाली उकाड्यात उतरलो, तर नेहमीच्या रस्त्यावर दरड. फाट्यावरून दुसरा एक चिखलाचा रस्ता जंगलात शिरत होता. त्याने एलियास कधी गेला नव्हता. फाट्यावर एक माणूस कोयत्याला धार लावत बसला होता.

एलियास हळूच म्हणाला, “तात, ‘हा रस्ता कुठे जातो?’ असं विचारा. तिएर्रा नुएवाचं नाव काढू नका. रुडॉल्फचं काय झालं, आठवतंय ना?”

“अनोळखी माणसाला असं थेट विचारायचं?” तात पेत्रोनिलोंना ते पटेना. “त्याला माहीत नसलं तर बिचाऱ्याची चारचौघांत शोभा होईल.” आणि खिडकीतून वाकून म्हणाले, “भाऊ, हा तिएर्रा नुएवाचाच रस्ता ना?”

“हो तात, हाच.”

पुढे आणखी चौघांना विचारलं. चौघेही म्हणाले, हाच. मागच्या खिडकीवर टकटक झाली. नान तोमासा म्हणाल्या, “त्या गोऱ्या म्हाताऱ्याला आपण सात वर्षं हसतोय. म्हटलं, आठवण करून द्यावी.”

दुपार टळता टळता रस्ता नदीवर येऊन थांबला. पलीकडे तिएर्रा नुएवा दिसत होतं, भट्टीचा धूर, पत्र्याची छपरं, ओब्दुलियोच्या सळया. मध्ये दोरखंडाचा झुलता पूल, एका वेळी एक माणूस जाईल एवढा. रस्ता खोटा नव्हता. तो तिएर्रा नुएवालाच जात होता. फक्त माणसांसाठी, माझ्यासाठी नव्हे.

एलियासने मला वळवायला घेतलं. आतून ओळखीचा आवाज आला आणि गिअरचा दांडा त्याच्या हातात निघून आला. तो दांडा त्याने मांडीवर ठेवला आणि नुसता बसून राहिला.

“सूर्य बुडाला की दिवस संपतो,” तात पेत्रोनिलो म्हणाले. “टोपल्या उचला.”

पलीकडे काय झालं ते मी पाहिलं नाही. अर्ध्या तासाने पूल हलायला लागला तेवढं दिसलं. पुढे काठी टेकत नान मिकाएला, मागे तात एस्तेबान, फ्लोरिदाल्मा, आमची माणसं, टोपल्या, टर्की आणि जवळपास निम्मं गाव. ओब्दुलियोही होता. तो सहज आला होता.

तात एस्तेबान मला बघून थबकले. “अहो, हा तर वेलदोड्याचा ट्रक!”

“जरा वर बघा, तात,” तात पेत्रोनिलो म्हणाले.

नान मिकाएला पायरी चढून आत आल्या. काठीने खिडक्या मोजल्या. चार. नळ सोडला. तो खोकला, गढूळ थुंकला आणि मग स्वच्छ पाणी द्यायला लागला. नान तोमासांनी शेगडीचं बटण फिरवलं. माझी शेगडी पहिल्या फटक्यात कधीच पेटत नाही. टक. टक. इतक्या वर्षांत कुठल्या घाटात मी एवढा घाबरलो नव्हतो. टक. पेटली.

नान मिकाएला पलंगावर बसल्या. “अरुंद आहे.”

“नवं लग्न आहे, नान,” नान तोमासा म्हणाल्या. “सुरुवातीला तक्रार येत नाही.”

बाहेर बायका हसल्या. ओब्दुलियो दारातून म्हणाला, “माझ्या घराला पाया आहे.”

“आणि वर स्लॅब पडेपर्यंत माझे दात पडतील,” फ्लोरिदाल्मा म्हणाली. रीतीप्रमाणे मुलीने त्या दिवशी बोलायचं नसतं. तिला कुणी अडवलं नाही, कारण सगळे नान मिकाएलांकडे बघत होते. त्या खिडकीशी डोळे नेऊन बाहेर बघत होत्या. एक डोळा त्यांचा कधीच गेला होता. दुसऱ्यावर भिस्त होती.

“नदी दिसते,” त्या म्हणाल्या. “झाडं दिसतात. तुम्ही डोंगर म्हणाला होतात, तात.”

तात पेत्रोनिलोंनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना एकही वळण सापडेना. हो म्हणावं तर खोटं, आणि दुसरा शब्द त्यांच्याकडे नव्हता. बाहेर ऊन पिवळं पडत चाललं होतं.

तेव्हा एलियास बोलला. मुलानेही बोलायचं नसतं. “नाही,” तो म्हणाला.

तात पेत्रोनिलोंनी डोळे मिटून घेतले.

“नाही, नान. आज डोंगर दिसत नाही. गिअरबॉक्स मोडलाय.” त्याने पुरावा म्हणून दांडा पुढे केला. “दुरुस्त होईल तेव्हा दिसेल. किती दिवस लागतील, माहीत नाही.”

नान मिकाएलांनी दांडा हातात घेऊन उलटसुलट बघितला.

“या पोरीला मागायला आजवर चार जण आले,” त्या म्हणाल्या. “चौघांकडे सगळं होतं. जे विचारलं ते होतं. ‘नाही’ म्हणणारा पहिल्यांदा बघतेय.” मग दांडा परत देत त्यांनी विचारलं, “आणि हे दुरुस्त झाल्यावर? माझ्या नातीला घेऊन हे घर एखाद्या सकाळी निघून गेलं तर मी कुठे शोधू?”

याचं उत्तर एलियासकडे नव्हतं. नसल्याचं त्याने सांगितलंही.

“मग चाकं काढा,” नान मिकाएला म्हणाल्या. आणि टोपलीवरचं फडकं बाजूला करून त्यांनी पाव मोडला.

अशी माझी चाकं गेली. ओब्दुलियोने विचारलं, “स्टेपनी?” ती रुडॉल्फने कधीच हरवली होती. नदीतले चार सपाट दगड आणून मला त्यांच्यावर ठेवलं. ठरलं असं, की चार चाकं चार घरी राहतील आणि चौघांनी होकार दिला तरच घर हलेल. “आणि हो म्हणजे खरं हो,” नान मिकाएलांनी बजावलं. एक चाक त्यांच्याकडे, दुसरं फ्लोरिदाल्माकडे, तिसरं साक्षीदार म्हणून तात पेत्रोनिलोंकडे. चौथं नान तोमासांच्या टोपल्यांबरोबर वर गेलं, कारण मुलाकडच्यांना रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. चाक बसच्या टपावरून गेलं आणि नान तोमासा त्याच्या खाली, सीटवर. मुलाला खाली ठेवून, चाक घेऊन. पूर्ण वाटभर त्या कुणाशी बोलल्या नाहीत, असं बसने मला सांगितलं.

लग्न झालं. फ्लोरिदाल्माने माझ्या छतावर भोपळ्याचा वेल चढवला. एलियास गावातली इंजिनं दुरुस्त करतो आणि फावल्या वेळात माझा गिअरबॉक्स. एका जागी राहून मला एक समजलं. ट्रकला लोक विचारतात, कुठे चाललास? घराला विचारतात, आत कोण आहे का? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देणं सोपं जातं. पलंगाबद्दल तक्रार आलेली नाही.

दोनशे साठ दिवसांनी तो मोठा वाटेचा दिवस पुन्हा आला. सकाळी बघतो तर झुलत्या पुलावरून नान मिकाएला येतायत, आणि आपलं चाक स्वतः ढकलत आणतायत. मागून तात एस्तेबान, “आई, पडशील! आई, दे इकडे!” करत. चाक त्यांनी माझ्या दाराशी आडवं केलं आणि त्यावरच बसल्या.

“तात पेत्रोनिलो म्हणाले होते, हवा तो डोंगर. मला चुआपेकच्या वरचा हवा.”

मग कळलं. त्यांचा जन्म तिथला. पन्नास वर्षांपूर्वी जमिनीसाठी कुटुंब खाली जंगलात आलं, तेव्हापासून त्यांनी तो डोंगर बघितला नव्हता. मागणीच्या वेळी ‘हवा तो डोंगर’ ऐकून त्या का गप्प झाल्या होत्या, हेही कळलं. “बसने घेऊन जातो,” तात एस्तेबान म्हणाले. “बसमध्ये दुसऱ्याची खिडकी असते,” नान म्हणाल्या. “डॉक्टर म्हणतो, या डोळ्याचं सांगता येत नाही. आता काय ते करा.”

फ्लोरिदाल्माने पलंगाखालचं चाक त्याच घटकेला बाहेर काढलं. तात पेत्रोनिलोंचं बसने आलं, सोबत ते स्वतः आणि त्यांचं भाषण. गिअरबॉक्स तयार आहे. रिव्हर्स आता रिव्हर्सच्या जागी पडतो. तीन चाकं बसली.

राहिलं नान तोमासांचं. तात पेत्रोनिलो आणि एलियास पाव घेऊन चुआपेकला गेले. नान तोमासांनी दार उघडलंच नाही. आतून म्हणाल्या, “चाक आता माझ्या घरची लेक आहे. मागायला आलात तर रीतीने मागा. तीनदा या.” आत ताटं वाजत होती. नंतर मागच्या दाराने त्यांनी एलियासला जेवायला बोलावलं. तात पेत्रोनिलो पुढच्या दारासमोर बोलतच होते.

दुसऱ्या खेपेला दार उघडलं आणि प्रश्न आले. तिकडे चिखल किती? चाकाला ऊन लागेल का? नवरा ट्रक दारू पितो का? एलियासला चार दिवस ठेवून घेतलं. चाकात त्यांनी कांद्याची पात लावली आहे, ती तो निघताना पिशवी भरून दिली.

तीनदा मागायचं म्हणजे मुलगा तीनदा घरी येतो, हे नान तोमासांना कळतं. मलाही कळतं. म्हणून माझी तक्रार नाही. तिसरी खेप येत्या वाटेच्या दिवशी आहे, अकरा दिवसांनी. आपल्या चाकाला कुठलाही वाटेचा दिवस चालतो, असं नान तोमासांनी स्वतःच ठरवलं आहे.

तुम्ही कधी त्या बाजूला आलात आणि चुआपेक शोधत असाल, तर ‘हा रस्ता कुठे जातो’ एवढंच विचारा. नान तोमासांच्या दारी पोचलात तर माझ्यासाठी एक शब्द टाका. घाई करू नका, फक्त म्हणा की ट्रक दारू पीत नाही, डिझेल पितो, तेही मिळालं तर.

नान मिकाएला रोज दुपारी पूल ओलांडून येतात. पलंगावर बसतात, पदराने खिडकीची काच पुसतात आणि त्या एका डोळ्याने बाहेर बघत राहतात. मला रोज विचारावंसं वाटतं, “नान, काही दिसतं का?” पण मी विचारत नाही. मी त्यांच्या नातीचं घर. माझं मन मोडू नये म्हणून त्या उगाच ‘हो’ म्हणतील.